पाठकोरा कागद

ॲडव्होकेट अवधूत चित्रे यांनी मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण पूर्ण केलं आणि पनवेलमधली भांडणं आता फार तर महिनाभर टिकतील, असं बायकोला सांगून टाकलं!

"कोर्टाला सात वर्षं लागली, ते मी एका दुपारी मिटवतो!"

"आधी गच्चीच्या किल्लीवरून शेजाऱ्यांशी धरलेला अबोला मिटवा," आशालताबाई म्हणाल्या.

पहिलंच प्रकरण नाकाचं निघालं. झकेरियाशेठच्या बेकरीला लागून काशिराम कोळ्याचं सुक्या मासळीचं दुकान. आपल्या नानकटाईला बोंबलाचा वास लागतो म्हणून शेठ कोर्टात गेले होते. निकाल विरुद्ध गेला तर काशिरामचं दुकानच उठणार होतं. तीस वर्षांचे शेजारी, पण सात वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते.

कोर्टाच्या आवारातल्या खोलीत अवधूतरावांनी घसा साफ केला. "इथलं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही. आणि मी कुणाच्याच बाजूचा नाही!" मग नियमाप्रमाणे एकेकाला वेगळं बसवून त्यांनी सगळं टिपून घेतलं.

झकेरियाशेठ कुजबुजले, "मधली भिंत मी बांधून देतो. लेकिन त्याला सांगू नका, इज्जतीचा सवाल आहे."

काशिराम त्याहून हळू बोलला. "माल मी मागच्या खोलीत नेतो, साहेब. पन सात वरसं ईदचा शीरखुर्मा नाय मिलला. त्याला सांगू नका हां!"

अवधूतराव हरखले! हेच सगळं 'मध्यस्थाची सूचना' म्हणून लिहून द्यायचं ठरवलं. पण कोरा कागद वाया घालवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. घरी वाणसामानाची यादीसुद्धा लग्नपत्रिकेच्या मागे व्हायची. टेबलावर एक पाठकोरा कागद दिसला. त्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात अटी उतरवल्या, कागद दोघांच्या हाती दिला आणि वकिलांना बोलवायला ऐटीत बाहेर पडले.

परत येऊन पाहतात तर काय! दोघांनी कागद उलटून वाचला होता. मागे त्यांचीच टिपणं! गुपितं तर होतीच, पण सर्वांत वर होतं : 'झकेरिया - बडबड्या, मुद्दा शून्य. काशिराम - अंगाला वास. पुढच्या वेळी खिडकीजवळ बसवावे.'

 काशिरामने आपली खुर्ची उचलली आणि खिडकीजवळ जाऊन बसला.

अवधूतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काशिरामदादा, त्याचा अर्थ... म्हणजे..."

"अर्थ मराठीतच लिहिलाय, साहेब!" झकेरियाशेठ कडाडले. "त्याच्या मासळीला वास येतो, हे मी बोलणार. मी शेजारी आहे! तुम्ही कोण?" आणि आपली खुर्ची ओढत तेही काशिरामजवळ जाऊन बसले.

"ऱ्हाऊ द्या, शेट," काशिराम म्हणाला. "भिंत कवा बांधताव?"

"उद्याच. आणि शीरखुर्मा ईदला, इन्शाल्ला!"

पाच मिनिटांत सह्या झाल्या. 'मध्यस्थी यशस्वी' असं लिहिताना अवधूतरावांना आपल्याच अक्षराची लाज वाटत होती. निघताना त्यांनी कशीबशी माफी मागितली. "हे... बाहेर जाणार नाही ना?"

"तुमचाच नियम आहे, साहेब," शेठ म्हणाले.

दोघांनी शब्द पाळला. ईदला अवधूतरावांना सपत्नीक आमंत्रण आलं. शेठच्या घरी भरल्या बैठकीत त्या कागदाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. काशिराम मात्र लगबगीने उठला आणि त्याने मोठ्या अदबीने साहेबांसाठी खुर्ची मांडली.

खिडकीजवळ!