तेलघरची ओटी

श्रीप्राणदेवता साक्ष. शके १६३१ विरोधीनाम संवत्सरे, पौष वद्य पंचमी, ते दिवशीचे वर्तमान ऐसे जे :

देहराज्यी रस गाळणारी घराणी फार, वैद्य त्यांस ग्रंथी म्हणती. त्यांची वर्गवारी लावावी ऐसी मेंदूदरबारची आज्ञा जाहली, आणि कारकून रंगोपंत स्वारीस निघाले. मग ज्यांस नळ नाही, रस थेट रक्तनदीत सोडिती, ती घराणी एकीकडे लिहिली, आणि नळाची दुसरीकडे, आणि त्यांतही देण्याची रीत पाहिली. लाळघरचे लोक रस पुरचुंडीतून दाराबाहेर रिता करिती आणि आपण शाबूत राहती. दूधघरच्या बाया साय देताना पदराचा काठ फाडोन देती, मग काठ पुन्हा विणिती. मग पंत केसाच्या मुळाशी तेलघरास पावले. थंडी कडाक्याची, कातडीचा मुलूख भेगाळला, तेलाची निकड भारी.

तेथे भिंतीस टेकोन सरूबाई बसली होती. तिच्या लेकी जन्मत, आत सरकत, आणि तेलाने फुगत. पंती खण पुढे केला, म्हणाले, "बाई, तेल उत्तम. पोचवावयास जाते तिची ओटी भरू." सरूबाई हाकारती जाहली, "गोदे, ये गं." गोदी आली, अंग तेलाने गच्च, चालवेना, तरी हसोन बोलली, "आई, बघ, तुझ्याहून जाड झाले." "झालीस हो. थोरलीपण अशीच झाली होती." पंत म्हणाले, "आणि तेलाची पुरचुंडी?" "पुरचुंडी कसली, पंत? पोरच." तेव्हा पंतांची लेखणी थांबली. "एक दिवस तरी ठेवून घ्या तिला!" "ठेवली तर नळ तुंबेल, अवघं घर पिकेल. आणि तिकडं भेगांतून रक्त येतंय."

मग गोदी नळाच्या तोंडाकडे सरकली आणि सरूबाई हळू म्हणो लागली,

लेक माझी गं लाडाची, जशी तेलाची घागर
वाटेवर फुटली बाई, ओला झाला गं डोंगर

आणि गोदी फुटली. तेल केसावरोन वाहिले, भेगा मऊ जाहल्या, मुलूख निजला. खण पंतांच्या हाती तैसाच राहिला. मागोन धाकटी पुसती जाहली, "आई, आता मी?" "अजून नाही गं. आधी पोटभर खा."

सारांश, नळाच्या घरांत कोणी रस देते, कोणी काठ देते, कोणी आपणच जाते. पंती तिसऱ्या रीतीपुढे सरूबाईचे नाव लिहिले. लेकींची नावे लिहो जाता, एक लिहितो तो दुसरी जात असे. खण भिंतीस टांगोन पंत परतले. तो अद्याप कोणाच्या ओटीत पडला नाही.