चोवीस कड्या

हेडक्लार्कच्या बद्धकोष्ठाला ऑफिसात बावीस वर्षांचा मान होता. संडासाजवळचं टेबल त्याचं आणि अर्धा तास उशिरा यायची परवानगीही त्याचीच. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे रोज आपुलकीने विचारत, "आज झालं का?" अन् कुठून कोण जाणे, हा नवा स्टोअरकीपर टपकला!

"माझं नुसतं खाली अडत नाही हो," दोन घास खाऊन डबा बंद करत तो म्हणाला. "जठरही मंद, लहान आतडंही मंद. सकाळचं जेवण संध्याकाळपर्यंत वरच बसून. वरपासून खालपर्यंत सगळं सुस्त!"

साहेब हळहळले. टेबल त्याला मिळालं, अर्धा तासही त्यालाच. हेडक्लार्कच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बावीस वर्षं काढली मी!" तो घरी येऊन बायकोवर ओरडला. "आणि कालचा पोरगा जठर घेऊन येतो!"

"मग तुम्हीही आणा की जठर," बायको म्हणाली.

तो तडक स्टोअरकीपरच्याच डॉक्टरीणबाईंकडे गेला. "माझंही वरचं मंद आहे, एवढं लिहून द्या."

"असं कसं लिहू? जुन्या बद्धकोष्ठात कधीकधी वरचंही मंदावतं, पण आधी मोठ्या आतड्याची चाल बघू. ही कॅप्सूल गिळा. आत चोवीस बारीक कड्या आहेत. पाच दिवसांनी एक्स-रेमध्ये किती उरल्या ते दिसेल. तोवर जुलाबाचं औषध बंद."

"चोवीसच्या चोवीस उरतील!" त्याने छातीठोक सांगितलं.

पण सवलत गेली होती ना! दहाच्या ठोक्याला हजेरी म्हणजे पाचला उठणं आलं, बस चुकली की तरातरा चालणं आलं. तिसऱ्या दिवशी पोटात काहीतरी हललं. त्याने दात आवळून धरून ठेवलं. चौथ्या दिवशी धरवेना.

"अहो, झालं की काय?" बायकोने दाराबाहेरून आनंदाने विचारलं. आतून हुंदका आला.

"एकही कडी नाही. अभिनंदन!" एक्स-रे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नीट बघा हो बाई, एखादी बरगडीमागे असेल!"

तो मान खाली घालून ऑफिसात आला. स्टोअरकीपरने एक्स-रे ओढून घेऊन खिडकीशी धरला.

"एकही नाही?" त्याचा आवाज चिरकला. "माझ्या एकोणीस होत्या हो! तुम्ही खाता तरी काय?"

हेडक्लार्क त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. हाच चेहरा आठवडाभर दाढी करताना त्याला आरशात दिसत होता. त्याची मान हळूहळू ताठ झाली. त्याने स्टोअरकीपरच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी आपुलकीने विचारलं, "तुमचं आज झालं का?"