आत्याला जिद्द शिकवली, त्याची गोष्ट

जिद्द शिकवता येते! आमच्या कंपनीनं आम्हा सुपरवायझर लोकांना दोन दिवस हेच ट्रेनिंग दिलं. मी वरवंडला परतलो तो शिट्टीला आलेल्या कुकरसारखा!

"गौतमी, कसलाही माणूस आण! आठ दिवसांत जिद्द भरून दाखवतो!"

"मग नकुशीआत्यांना माझी स्कुटी शिकवा," बायको म्हणाली.

आत्या म्हणजे माझ्या वडलांची बहीण, वय अठ्ठावन्न. तिचा झेंडू दौंडच्या बाजारात जायचा तो टेम्पोवाल्याच्या लहरीवर. तो दुपारी उगवायचा, तोवर फुलांनी माना टाकलेल्या! म्हणून तिला स्वतःच जायचं होतं.

मोकळ्या रानात मी तासभर भाषण दिलं.

"जया, आता गाडीचं सांग की," आत्या म्हणाली.

"आधी मन, मग मशीन! कुणी काय बी म्हणू दे, थांबायचं न्हाई! म्हण!"

"थांबायचं न्हाई!" म्हणत आत्यानं रेस पिळली. मी मागं.

गाडी उधळली ती दावं तोडलेल्या खोंडासारखी! बांध ओलांडून आम्ही थेट शेजारच्या सर्जेरावमामांच्या अंगणात घुसलो. तिथं त्यांच्या मोनालीला बघायला पाहुणे आलेले.

"आत्या, थांब!"

"न्हाई!"

"अगं, मीच सांगतोय!"

"कुणी काय बी म्हणू दे!"

नवरदेव पोह्यांच्या बशीसकट ओट्यावर चढला! शेवटी कडब्याच्या गंजीनं आम्हाला थांबवलं. आत्या पदर झटकत उठली. माझा घोटा मात्र भोपळ्याएवढा!

"जयसिंग," मामा ओरडले, "पोरगी बघायला आलेत ही माणसं, सर्कस न्हाई!"

घरी येऊन मी हात जोडले. "बास आत्या. ह्या वयात न्हाई जमायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती माझ्या उशाशी. "उठ."

"पाय सुजलाय गं!"

"तू खुर्चीत बस. गाडी मला चालवायचीय."

रोज सहा वाजता! एकदा मी न्हाणीत लपलो, तर ही दाराबाहेर उभी. "कवा तरी भाईर येशीलच की!"

दौंडला लायसनची टेस्ट झाली. पहिल्यांदा पाय टेकला, नापास. दुसऱ्यांदा वळणावरचा खांब पाडला, नापास. तिनं लगेच पुढची तारीख घेतली. तिसऱ्यांदा पास!

परवा झेंडूचे क्रेट बांधून आम्ही उजाडताच बाजार गाठला. मी मागं, मांडीवर एक क्रेट. फुलं इतकी टवटवीत, की व्यापारी हातात घेऊन बघत राहिले. आत्या पदरानं डोळे टिपत होती.

"आत्या, खरं सांग," मी हळूच म्हणालो, "ही जिद्द माझ्याकडनंच शिकलीस ना?"

"जिद्द?" आत्या हसली. "ती घरचीच व्हती रं. तुझ्याकडं मी ब्रेक शिकाया आले व्हते. त्यो शेवटी गौतमीनं शिकवला!"