हापूस, पायरी आणि माझा लॅपटॉप

"लॅपटॉप मी आणतो, तू त्यात डोकं घालू नकोस," असं मी बायकोला म्हणालो, तेव्हा मी चहात बटर बुडवत होतो. (बटर मात्र मोडायच्या आत बाहेर काढला. त्या महिन्यात वेळेवर जमलेलं माझं ते एकमेव काम.)

त्याचं असं झालं. मालिनीच्या वाटणीला माहेरची हापूसची कलमं आली आहेत. आजवर तो आंबा वाशीच्या दलालाकडे जायचा. दलाल पेटीवर स्वतःचं नाव घालायचा आणि भाव सांगायचं विसरायचा. यंदा मालिनीने ठरवलं, आंबा थेट गिऱ्हाइकाला आणि तोही आपल्या नावाने. लेबलसुद्धा तिने तयार करून घेतलं. वर 'मालिनीचा हापूस, रत्नागिरी', खाली गिऱ्हाइकाचं नाव आणि पत्ता. लेबलं छापायचा प्रिंटर चिपळूणच्या एका बंद झालेल्या औषधाच्या दुकानातून स्वस्तात मिळाला. आता फक्त लॅपटॉप हवा होता. मारुती मंदिराजवळच्या दुकानात एक साधा विंडोजवाला तिने बघूनही ठेवला होता. पाडव्याला पहिल्या पेट्या निघायच्या होत्या.

थोडक्यात, मला तो पिशवीत घालून घरी आणायचा होता. पण मी पडलो कॉलेजच्या ऑफिसातला हेडक्लार्क. आम्ही तीन कोटेशनं मागवल्याशिवाय खडूसुद्धा घेत नाही.

मी व्हिडिओ बघायला सुरुवात केली. प्रिंटरचा खोका समोर ओढायचा, त्यावर चहाचा कप ठेवायचा आणि बघत बसायचं. एक माणूस सांगायचा, मॅकशिवाय जगण्यात अर्थ नाही. दुसरा म्हणायचा, विंडोजच घ्या, बाकी सगळी श्रीमंतांची थेरं. तिसरा दाढीवाला होता. तो लिनक्सचा. तो म्हणायचा, सॉफ्टवेअरला पैसे मोजणारा माणूस गुलाम. आमच्या ऑफिसातल्या रितेशने त्याचं ऐकून घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं. तेव्हापासून त्यातून आवाज येत नाही, पण रितेश स्वतंत्र आहे.

अखेर एका सकाळी मी मालिनीसमोर निष्कर्ष मांडला. तिला समजेल अशा भाषेत. (हे शब्द माझे. त्यांचीही आता लाज वाटते.)

"हे बघ. मॅक म्हणजे हापूस. महाग, पण नाव आहे. विंडोज म्हणजे पायरी. गोड, स्वस्त, सगळीकडे मिळते, पण टिकत नाही. आणि लिनक्स म्हणजे रायवळ. फुकट. झाडाखाली जायचं आणि वेचायचा."

"मग वेचा की."

"चोखता यावा लागतो. नाहीतर सगळा शर्ट बरबटतो."

"बरं, मग पायरी आणा. पायरीला काय झालं? आमरसाला आपण तीच घेतो."

"तू हापूस विकणार आणि काम पायरीवर करणार? गिऱ्हाइकाला काय वाटेल?"

"गिऱ्हाइकाला लॅपटॉप पेटीत घालून पाठवायचाय का?"

मी हसलो. अडाण्याकडे बघून शहाणा हसतो तसा. मग तिला भागाकार करून दाखवला. मॅक दहा वर्षं चालतो, विंडोजवाला चार. किंमत भागिले वर्षं, म्हणजे मॅकच स्वस्त! (भागाकार बरोबर होता. पण पैसे पहिल्याच दिवशी द्यावे लागतात, हे भागाकारात दिसत नाही.) मालिनीने दिलेले पैसे, माझा बोनस आणि वर हप्ते, असं करून मी कोल्हापूरहून मॅक मागवला. तो पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आला, इतका पातळ आणि इतका चकचकीत, की मी त्याला हात धुऊन हात लावला.

पाडव्याला सकाळी अंगणात पेट्या रचलेल्या. संदेशचा टेम्पो दारात. आमच्या कलमांची राखण करणारे गंगारामकाका नवा सदरा घालून आलेले. आमच्या वाडीत नवं काहीही आलं, मग ती विहीर असो, सून असो की पंप, देवाला गाऱ्हाणं घालतात ते गंगारामकाकाच. मॅकला हळदकुंकू लागलं, नारळ पुढे ठेवला आणि काकांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुज्या लेकरान बायकोच्या धंद्यासाठी लाखमोलाचा कॉम्पुटर आणलान हाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्यावर कुनाची नजर, कसली पीडा, कसला वायरस येत आसंल, तर त्यो साता समिंदराच्या पल्याड ने रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

नारळ फुटला. मालिनी लेबलांची गुंडाळी प्रिंटरमध्ये घालून तयारच होती. मी ऐटीत वायर जोडली. मॅकने प्रिंटरकडे बघितलं आणि ओळख दाखवली नाही. मी वायर काढून पुन्हा घातली. मॅक बंद करून चालू केला. प्रिंटरलाही हळदकुंकू लावलं.

मालिनीने खोका उचलला. त्यावर माझ्या कपाची तपकिरी वर्तुळं उमटलेली होती. तिने पदराने एक पुसलं आणि मोठ्याने वाचलं, "फक्त विंडोजसाठी." मग माझ्याकडे बघून विचारलं, "अहो, महिनाभर कप याच्यावरच ठेवत होतात ना?"

"मॅकच्या आतसुद्धा विंडोज घालता येतं म्हणतात," मी पुटपुटलो. "त्याचे पैसे वेगळे. आणि हा प्रिंटर तरी चालेल की नाही..."

"म्हणजे हापूसच्या आत पायरी?"

मी शेजारच्या वेदिकाचा लॅपटॉप मागायला धावलो. दाराला कुलूप. सगळी मंडळी हेदवीला गणपतीच्या दर्शनाला गेलेली. बाजारातली दुकानं उघडायला वेळ होता आणि संदेशने हॉर्न वाजवला. "वहिनी, कुरिअरची गाडी थांबायची नाही हां."

मालिनी रागावली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. पण तिने कोऱ्या लेबलांची गुंडाळी अलगद काढली आणि पिशवीत ठेवली. तिचं नाव लग्नपत्रिकेनंतर आजच कशावर तरी छापलं जाणार होतं. मॅकचा दोष नव्हता, प्रिंटरचा नव्हता. दोष चहा पिणाऱ्याचा होता. मला इतकी लाज वाटली की मी पेट्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. (तिथूनही दिसत होतो. पेट्या कमी होत्या.)

"थांबा," गंगारामकाका म्हणाले. "गाऱ्हाणं आर्धं ऱ्हायलंय." त्यांनी पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकराच्या हातनं काय चुकलंमाकलं आसंल, तर पदरात घे रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळ्यांत मोठा आवाज मालिनीचा होता.

"आनि फुडच्या येळंला ह्येला बायकोचं आयकायची बुद्दी दे रं म्हाराजा!"

याला 'व्हय म्हाराजा' म्हणायला संदेश टेम्पोतून उतरून आला. मीही म्हणालो. गाऱ्हाण्याला 'नाही म्हाराजा' अशी सोय नसते.

मग मी मार्कर घेऊन उकिडवा बसलो आणि सगळ्या पेट्यांवर पत्ते घातले. प्रत्येक पेटीवर वर 'मालिनीचा हापूस' असंही लिहिलं, जमेल तेवढं मोठं. इतकी वर्षं फक्त सह्या करून माझं अक्षर सहीसारखंच झालं आहे, हे टेम्पो वळणापलीकडे गेल्यावर लक्षात आलं.

चार-पाच दिवसांनी मुलुंडच्या नीरजाताईंचा फोन आला. मालिनीचे हात गुंतलेले होते, म्हणून तिने स्पीकर लावला. मी पलीकडे पेटीत पेंढा भरत होतो.

"मालिनीताई, आंबा सुरेख! फक्त तो पत्ता कोणालाच वाचता येईना. पेटी आधी वरच्या मजल्यावर गेली. त्यांनी दोन खाल्ले, मग खाली पाठवली. राग मानू नका हं, पण एवढा धंदा करताय, तर एक लॅपटॉप घेऊन टाका ना. कुठलाही चालतो."

मी पेंढ्यातून मान वर काढली नाही.

"हो, घेणारच आहे," मालिनी म्हणाली. "जरा यांना विचारते. आमच्याकडे त्यातलं यांनाच कळतं."