हातच्याची तार

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली की संध्याकाळपर्यंत तिच्यावर लाल पेनाची दुरुस्ती झालेली असते. एकदा सेक्रेटरी सावंतांनी लिहिलं, 'उद्या पाणी सकाळी व संध्याकाळी येईल.' थोड्या वेळानं बघतात तर 'व' खोडून वर 'किंवा'. सावंत भडकले. गायकवाड काका लपूनबिपून बसणाऱ्यांतले नाहीत, ते स्वतःच पुढे झाले.

"मी केलंय. हे बघा सावंत, पाणी एकदा आलं तरी माझं खरं, दोनदा आलं तरी माझं खरं. तुमचं एक वेळ चुकली की गेलं!"

दुसऱ्या दिवशी पाणी आलंच नाही. काकांनी फळ्यापाशी जाऊन प्रामाणिकपणे आपलं 'किंवा'सुद्धा खोडलं.

हे गायकवाड काका डोंबिवलीत आमच्या समोरच्या दारात राहतात. सगळी नोकरी कल्याणला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. तिथली जुनी यंत्रं गेली, काका रिटायर झाले, पण त्या यंत्रांची टकटक त्यांच्या डोक्यातून काही गेली नाही. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आधी सांग, ॲण्ड की ऑर?" आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मी म्हटलं, "काका, पूजेला तुम्ही आणि काकू या हं." तर म्हणाले, "ॲण्ड आहे ना? मग बाईंना विचारून सांगतो. ऑर असतं तर मी आत्ताच आलेलो."

बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. शहाडच्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म पहिली-दुसरीला गणित शिकवलं. अख्खी बिल्डिंग त्यांना बाईच म्हणते, आणि काकाही. बुद्धपौर्णिमेला खिरीची वाटी द्यायला आल्या तरी दारातच आमच्या मुलीला तेराचा पाढा विचारायच्या आणि तो पुरा झाल्यावरच वाटी हातात द्यायच्या. मुलगी खिरीसाठी पाढे शिकली. माझी आईगिरी त्यात शून्य.

गेल्या वर्षी बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं मोजक्या शब्दांवर आलं, आणि आकडे तर पार पुसले गेले. डॉक्टर म्हणाले, रोज छोट्या छोट्या बेरजा करून घ्या, त्यानं फरक पडेल. पण शिकवायला येणाऱ्या मुलीनं "आजी, दोन आणि दोन किती?" असं विचारलं की बाई तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसायच्या. पुढे पुढे तर आकड्यांची पुठ्ठ्याची कार्डं डाव्या हातानं ढकलून द्यायला लागल्या. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता संपलं हे.

काकांनी मात्र बेरीज करणारं यंत्र बांधायला घेतलं.

घरात आजारी माणूस आणि यांना यंत्र सुचतंय, अशी कुजबुज झाली. मीही मनातल्या मनात त्यात होते. काका दाराएवढी प्लायवूडची फळी भिंतीला टेकवून तिच्यावर जुने रिले बसवत होते. रिले म्हणजे वीज मिळाली की टक् करून पुढच्या तारेला वाट देणारा डबीएवढा तुकडा. मला समजावून सांगायला त्यांनी जिना वापरला. आमच्या जिन्यातल्या दिव्याला एक बटण खाली, एक वर. मला खाली उभं केलं, स्वतः वर गेले.

"तू दाब! पेटला? आता मी दाबतो. विझला? म्हणजे एकानं दाबलं तर उजेड, दोघांनी दाबलं तर अंधार. यंत्राला फक्त शून्य नि एक एवढंच कळतं, म्हणून एक अधिक एक, खाली शून्य. झाली अर्धी बेरीज!"

"आणि उरलेली अर्धी?"

"हातचा! तो बँकेच्या लॉकरसारखा. तुझी किल्ली ॲण्ड त्यांची किल्ली, दोन्ही लागल्या तरच उघडणार. दोन्हीकडे एक असेल तरच हातचा निघणार. अगं शिल्पा, आकडे मांडायला अक्कल लागत नाही. हातचा शेजारच्या घरात पोचवायला लागते."

या थोर ज्ञानदानात तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना अंधारात दोनदा ठेच लागली, ते सोडा.

यंत्र तयार झालं. खाली चार दिवे, त्यांच्याखाली रंगानं लिहिलेलं ८, ४, २, १. जे दिवे पेटतील त्यांचे आकडे मिळवले की उत्तर. उद्घाटनाला काकांनी शेजारपाजारच्यांना बोलावलं. तीन अधिक एक म्हटलं, टक् टक् टक् झालं, चाराचा दिवा लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी टाळ्यांकडे लक्षही दिलं नाही. ते बाईंकडे बघत होते. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

त्यानंतर महिनाभर यंत्र रोज अचूक उत्तरं देत होतं आणि बाई रोज खिडकीबाहेर बघत होत्या. काका फळ्यावरच्या सूचनाही दुरुस्त करेनासे झाले, तेव्हा मला खरंच काळजी वाटली.

परवा रविवारी मी चकल्या द्यायला गेले, तर बाईंची खुर्ची यंत्रासमोर. काकांनी तीन अधिक एकची बटणं दाबली. दोनाचा दिवा लागला. फक्त दोनाचा.

मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी करते. मला चूक दिसली की भूक लागते. मी आणखी दोन-तीन बेरजा करून बघितल्या आणि मला नेमकं कळलं. दोन्ही आकडे विषम असले की उत्तर दोननं कमी, बाकी सगळं ठीक. म्हणजे एकाच्या घरातला हातचा दोनाच्या घरात पोचत नव्हता. मी फळीमागे डोकावले. एक तार सुटून लोंबत होती.

"काका, सापडली! थांबा, मी जोडते."

काका झपकन मागे आले आणि त्यांनी माझा हात धरला. तारेच्या टोकाला काळी टेप व्यवस्थित गुंडाळलेली होती. आपोआप सुटलेल्या तारेला कुणी टेप लावत नाही.

"जोडू नकोस," ते हळूच म्हणाले. "गेल्या आठवड्यात कामाच्या मावशींचा झाडू अडकून निघालेली गं ती. मला माहीतच नाही. मी आपलं पाच अधिक तीन केलं, आलं सहा. आणि बाई बोलल्या. 'हातचा विसरलास.' आजारपणानंतर पहिल्यांदा गणितातलं काही." काकांनी तारेवरची टेप बोटानं दाबून बसवली. मग म्हणाले, "मी मूर्ख. जन्मभर बाईंनी दुसऱ्यांची गणितं तपासली, आणि आपण त्यांचीच परीक्षा घेत बसलेलो. त्यांना बरोबर उत्तर नको होतं. चुकणारा विद्यार्थी हवा होता."

एका 'व'साठी सेक्रेटरीशी भांडणारा हा माणूस रोज सकाळी विषम आकडे निवडून स्वतःचं यंत्र चुकवत होता. मला माझ्या त्या कुजबुजीची लाज वाटली आणि काकांच्या पाया पडावंसं वाटलं.

"वर्गात... कोण बोलतंय?" पुढून बाईंचा आवाज आला.

"कोणी नाही, बाई!" काका धावत पुढे गेले. त्यांनी पाच अधिक तीन केलं. टक् टक्. चाराचा आणि दोनाचा दिवा लागला.

बाईंनी दिव्यांकडे बघितलं, डाव्या हाताच्या बोटांवर मोजलं, ओठ हलवले. "आठ," त्या म्हणाल्या. "हातचा... परत विसरलास. हात पुढे कर."

काकांनी तळवा पुढे केला. बाईंनी मारायला डावा हात उचलला, तसा काकांनी तळवा मागे घेतला.

"डाव्या हातानं लागत नाही, बाई. उजव्यानं मारा."

बाई रागावून बघत राहिल्या. मग मांडीवरचा उजवा हात थरथरत वर यायला लागला. खुर्चीच्या हातापर्यंत आला आणि तिथेच थांबला. काका खाली गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी आपला तळवा त्या हाताखाली नेऊन ठेवला. बाईंची बोटं त्यावर पडली, आवाजसुद्धा झाला नाही.

"आई गं," काका म्हणाले. "लागलं की हो, बाई." आणि त्यांना खरंच रडू आलं.