स्पेनला जाण्याआधीचा पाया

आमच्या लिव्हरपूलमध्ये पांढरंफटक अंग घेऊन कोणी स्पेनला जात नाही. तिथल्या उन्हात भाजायला नको, म्हणून आधी इथेच, चिप्सच्या दुकानाशेजारी, सनबेडच्या, म्हणजे कातडी तपकिरी करणाऱ्या, दिव्यांखाली पडून भाजून घ्यायचं. याला आम्ही ‘पाया घालणं’ म्हणतो. माझा पाया तर तरुणपणापासूनचा! त्यामुळे माझ्या लेकीचं, कीलीचं, लग्न स्पेनच्या किनाऱ्यावर ठरलं तेव्हा मी जाहीर करून टाकलं, "फोटोत विहीणबाई माझ्याशेजारी उकडलेल्या बटाट्यासारख्या दिसल्या नाहीत, तर नावाची नोरीन नाही!"

लग्नासाठीचा माझा ड्रेस घालून बघायच्या दिवशी कीली किंचाळली. ड्रेस मागून उघडा होता.

"आई! हे काय गं?"

"का? रंग नाही चढला?"

"चढलाय! एक चौकोन सोडून!"

खांद्याखालचा तीळ ब्राच्या पट्ट्याला घासून रक्त यायचं, म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावायचे. पाठ तपकिरी टोस्ट आणि मध्ये पांढरी खिडकी!

"एवढंच ना? तेवढा चौकोन भाजून घेते."

कीली हसली नाही. "आई, हा तीळ मसुराएवढा होता. आता वाटाण्याएवढा झालाय. कडा बघ कशा वेड्यावाकड्या!"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सनबेड कशासाठी?"

"उन्हात भाजू नये म्हणून."

पावसात भिजू नये म्हणून नदीत उडी मारणाऱ्याकडे बघावं, तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

तीळ काढला. कॅन्सरच होता. तो शब्द ऐकला आणि लेकीचं लग्न तरी बघायला मिळेल ना, एवढंच मनात आलं. नशीब, खोल गेला नव्हता, सगळा निघाला.

लग्नात मी लांब बाह्या आणि छत्रीएवढी टोपी घालून, रंग पार उतरलेली. उकडलेला बटाटा मीच! तेवढ्यात विहीणबाई आल्या. बर्नडेट त्यांचं नाव. पॉलिश केलेल्या कपाटासारख्या चकाकत होत्या!

"अहो नोरीन, काय नाजूक रंग राखलात! मी मेली मार्चपासून त्या दिव्यांखाली पडतेय, तुमच्यापुढे फिकी दिसायला नको म्हणून!"

मी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"विहीणबाई, पाठ दाखवा."

"अगंबाई! इथे?"

"आत्ताच्या आत्ता!"

त्यांच्या पाठीवर काही निघालं नाही, देवाची कृपा. पण लेकीच्या अल्बममध्ये आम्हा दोघींचा एकच फोटो आहे: बर्नडेटच्या ड्रेसची पाठीवरची चेन कमरेपर्यंत उघडी, मी चष्मा लावून वाकलेली, आणि मागे तोंड फिरवून उभे असलेले पाद्रीबाबा.