शेवाळाचं लग्न

एका जंगलात, फार लांबच्या नाही बरं का बाळांनो, एक तळं होतं. तळ्यात गोदाक्का नावाची गोगलगाय राहायची. तिथलं हिरवं शेवाळ खायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करायची. करावीच माणसानं.

एकदा गजराजांचा हुकूम आला. तळं बुजवून तिथं सभामंडप बांधायचा. मात्र जगात दुसरीकडे कुठंच नाही असं काही तळ्यात निघालं, तर तळं राहील.

गोदाक्काला आपल्या शेवाळाची आठवण झाली. तिनं डॉक्टर बगळ्यांना बोलावलं. बगळ्यांनी भिंगातून शेवाळाचा धागा पाहिला. आत हिरवी फीत नागमोडी वळत गेलेली.

"जात नवी वाटते," बगळे म्हणाले. "पण खात्रीनं सांगता येत नाही."

"का हो?"

"शेजारशेजारचे दोन धागे जुळले पाहिजेत. बी धरलं पाहिजे. त्या बियांवरची नक्षी पाहिल्याशिवाय आम्ही जात ठरवत नाही."

"अगंबाई! म्हणजे लग्न झाल्याशिवाय ओळखच नाही?"

"तसंच समजा."

झालं! सगळं तळं त्या शेवाळाच्या मागे लागलं. रोज सकाळी विचारायचं, "काय रे, जमलं का कुठं?" शेवाळ आपलं पाण्यावर मजेत डुलायचं.

"असं कसं हो हे?" गोदाक्का कळवळली.

"पाणी भरपूर आहे ना, मग त्याला कसली घाई?" बगळे म्हणाले. "पाणी आटायला लागलं की बरोबर सुचतं."

बांधात हणमू खेकडा राहायचा. त्यानं हे ऐकलं. "एवढंच होय? आक्का, तुम्ही काळजीच सोडा!"

आणि त्यानं बांध पोखरला.

पाणी चाललं. तळ्याचं डबकं झालं, डबक्याचा चिखल झाला. आणि काय सांगू, शेवाळाचं जमलं! धाग्याला धागा जुळला. बी धरलं. बगळ्यांनी नक्षी पाहिली आणि एका पायावर नाचले. "नवी जात! जगात कुठंच नाही!"

गजराज शब्दाचे पक्के. लगेच हुकूम सुटला, 'हे तळं कोणीही बुजवू नये.' मग ते स्वतः तळं बघायला आले.

"तळं कुठाय?"

हणमूनं चिखलाकडे नांगी केली. गजराजांनी पाय ठेवून पाहिला. जमीन टणक होत आली होती.

"मग बुजवायचं काय? मंडप असाच उभा राहील," ते म्हणाले. "हुकूमही मोडत नाही."

मंडपात पहिलाच कार्यक्रम बगळ्यांच्या सत्काराचा झाला. शेवाळाचं बी खाली मातीत निवांत झोपलं होतं. ते पुढच्या पाण्याची वाट पाहू शकतं. गोदाक्का कोपऱ्यात सुकत चालली होती.

"डॉक्टर," तिनं क्षीण आवाजात विचारलं, "नाव काय ठेवलंत हो माझ्या शेवाळाचं?"

"गजराजांचं!"

"बरं केलंत," गोदाक्का म्हणाली. शंखात गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

तात्पर्य : बाळांनो, शेजाऱ्याच्या लग्नाची चौकशी रोज न चुकता करावी. त्यानं ज्ञानात भर पडते. तळं काय, नकाशावर आहेच.